सामायिक प्रिंटरची नोंदवही : संगणक-जाळ्यातील मध्यवर्ती व्यवस्थेचा एक अभ्यास

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आम्हांस इतिहासावर लिहावयास सांगितले होते. मराठवाड्यातील शिक्षणप्रसार, मिलिंद महाविद्यालयाची स्थापना, वसतिगृहांची चळवळ असे विषयही सुचविले होते. त्या विषयांवर आमच्याहून अधिकारी मंडळी याच अंकात लिहीत आहेत. आम्ही मात्र गेली काही वर्षे इतिहासाच्या तासांबरोबर विद्यालयाच्या संगणक कक्षाचीही जबाबदारी सांभाळीत आहोत. ती कशी आली, हे थोडक्यात सांगतो : त्या दिवशीच्या बैठकीत आम्ही रजेवर होतो. इतिहासाच्या शिक्षकाने संगणकाच्या वायरी जोडाव्यात, यात काहींना विनोद वाटतो. पण नोंदी कोणी ठेवल्या, कोठे ठेवल्या आणि त्या कोणास पाहावयास मिळाल्या, हाच इतिहासाचा निम्मा विषय असतो. आणि प्रस्तुत लेखाचा विषयही तोच आहे.

एका घटनेपासून आरंभ करणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी विद्यालयात वसतिगृह शुल्कमाफीचे अर्ज भरून घेतले जात होते. अर्जदार विद्यार्थ्यांची एक यादी कार्यालयातील संगणकावर तयार झाली. तीत नाव, जात, पालकांचे उत्पन्न, बँक खात्याचा क्रमांक आणि 'माफीचे कारण' असा एक रकाना होता. कोणाचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, कोणाचे वडील नाहीत, कोणाच्या घरी कर्जापायी काय घडले, हे सारे त्या रकान्यात एकेका ओळीत लिहिलेले होते. यादी छापण्याचा आदेश दिला गेला, कार्यालयातील प्रिंटरमधून कागद आला नाही, म्हणून तो आणखी दोनदा दिला गेला. कागद निघत होते, पण संगणक कक्षातील प्रिंटरमधून. दुपारपासून सायंकाळपर्यंत त्या यादीच्या तीन प्रती तेथील ट्रेमध्ये उघड्या पडून होत्या. सायंकाळी एका मुलाने त्यातली एक उचलून वर्गात मोठ्याने वाचली. इयत्ता आठवीतील एक मुलगी दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आली. ती रडत नव्हती. तिने इतकेच विचारले, "सर, आमचा कागद तिथं कसा गेला?"

तिला त्या वेळी देता आले नाही असे उत्तर म्हणजे हा लेख आहे, असे समजावे.

कागद तेथे कसा गेला, याचे तांत्रिक कारण अगदी साधे निघाले. विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांत मूलनिवड प्रिंटर ठरविण्याचे काम संगणकाकडेच सोपविण्याची एक सोय असते. ती सुरू असेल तर सर्वांत शेवटी ज्या प्रिंटरवर छापले, तोच पुढच्या वेळी आपोआप निवडला जातो. आदल्या दिवशी त्या संगणकावरून कोणीतरी संगणक कक्षातील प्रिंटरवर एक परिपत्रक छापले होते. तेवढ्याने दिशा बदलली. आम्ही प्रथम लिपिकास दोष दिला, आणि तो अन्याय होता. ज्या व्यवस्थेत चौदा संगणकांपैकी प्रत्येकावर तीन प्रिंटर वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या माणसांनी बसविलेले होते, त्या व्यवस्थेत कागद योग्य ठिकाणी जाणे हाच योगायोग होता.

आता मुळापासून पाहू. प्रिंटर एका संगणकास यूएसबी वायरने जोडला की तो त्या संगणकाचा होतो. दुसऱ्यास छापावयाचे असेल तर पहिला संगणक सुरू असावा लागतो. ही स्थिती घरात चालते, शाळेत चालत नाही. म्हणून दुसरी पायरी येते : प्रिंटर थेट जाळ्यास जोडणे. जाळ्यातील प्रत्येक यंत्रास एक अंकी पत्ता असतो, त्यास आयपी पत्ता म्हणतात. संगणक त्या पत्त्यावर मजकूर पाठवितो. येथे पहिली अडचण आपल्या भूमची आहे. वीज जाते, येते; राउटर पुन्हा सुरू होतो आणि यंत्रांना पत्ते नव्याने वाटतो. काल जो पत्ता प्रिंटरचा होता, तो आज एखाद्या संगणकाचा किंवा कोणाच्या भ्रमणध्वनीचा झालेला असतो. मग "प्रिंटर बिघडला" अशी तक्रार येते. प्रिंटर बिघडलेला नसतो, त्याचे घर बदललेले असते. उपाय असा की राउटरमध्ये प्रिंटरसाठी पत्ता कायमचा राखून ठेवावा. हे काम दहा मिनिटांचे आहे आणि पैशाचे नाही. ज्या शाळेत पाच-सहाच संगणक आहेत तिने एवढेच करावे, पुढील खटाटोपात पडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. जाता जाता आणखी एक : लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नये. कागदावरील शाई तापवून चिकटविताना तो क्षणभर पुष्कळ वीज ओढतो, आणि लहान यूपीएस त्यापुढे टिकत नाही.

तिसरी पायरी प्रिंट सर्व्हरची. सर्वांनी आपले कागद परस्पर प्रिंटरकडे न पाठविता एका मधल्या संगणकाकडे पाठवावयाचे. तो त्यांची रांग लावतो आणि एकेक करून प्रिंटरकडे सोडतो. प्रिंटर बदलला, त्याचा पत्ता बदलला किंवा त्यास चालविणारी प्रणाली, म्हणजे ड्रायव्हर, बदलला तरी बदल या मधल्या संगणकावर करावयाचा असतो. बाकीच्यांस केवळ रांगेचे नाव ठाऊक असले म्हणजे झाले. परंतु कोणत्या रांगेवर कोणाचा हक्क, हा प्रश्न शिल्लक राहतोच. तसेच नव्या संगणकास या रांगा आहेत हे कोण सांगणार? येथून डिरेक्टरी सर्व्हिस, म्हणजेच निर्देशिका-सेवा, सुरू होते.

निर्देशिका-सेवा म्हणजे काय, हे समजण्यास तलाठी कार्यालयापर्यंत जाऊन यावे. सातबारा गटनिहाय असतो : अमुक गट क्रमांकाची जमीन कोणाच्या नावे, तिच्यावर बोजा कोणाचा, पीक कोणते. आठ-अ खातेदारनिहाय असतो : अमुक माणसाच्या नावे गावात कोठे कोठे किती जमीन. वस्तू तीच, माणसे तीच. विचारण्याची बाजू वेगळी. आणि कोणताही बदल व्हावयाचा तर तो नमुना सहामध्ये फेरफार म्हणून नोंदविला जातो, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात, आणि मगच तो सातबाऱ्यावर उतरतो. कोणी आपल्या घरातील उताऱ्यावर पेनाने खाडाखोड केली तर त्याने मालकी बदलत नाही. निर्देशिका-सेवा ही संगणक-जाळ्याची अशीच गावदप्तरे आहेत. तीत माणसे नोंदलेली असतात, संगणक नोंदलेले असतात, प्रिंटर नोंदलेले असतात, आणि कोणास काय करता येईल हेही नोंदलेले असते. आमची पूर्वीची स्थिती अशी होती की चौदा संगणकांत चौदा सातबारे होते, आणि प्रत्येकावर हाती लिहिलेले.

या कल्पनेचा इतिहास आम्हांस विशेष रोचक वाटला, म्हणून तेथे थोडे थांबतो.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात झेरॉक्स कंपनीची पालो आल्टो येथे एक संशोधनशाळा होती. तेथे गॅरी स्टार्कवेदर यांनी १९७१ च्या सुमारास लेझर प्रिंटर सिद्ध केला. यंत्र मोठे आणि महागडे होते, प्रत्येकाच्या मेजावर ठेवणे अशक्य होते. अनेक संगणकांस एकच प्रिंटर वापरता यावा, ही गरज इथरनेट नावाचे जाळे जन्मास येण्यामागच्या कारणांपैकी एक होती. रॉबर्ट मेटकाफ यांचे त्याविषयीचे टिपण मे १९७३ चे आहे. आपल्या संगणक कक्षातील निळ्या वायरीचा वंश असा एका सामायिक प्रिंटरपर्यंत जातो. पुढे एप्रिल १९८१ मध्ये झेरॉक्सने 'स्टार' नावाचा कार्यालयीन संगणक बाजारात आणला. त्याच्या जाळ्यात प्रिंट सर्व्हर होते, धारिका ठेवणारे सर्व्हर होते, आणि ते शोधून देणारी एक स्वतंत्र सेवा होती. तिचे नाव 'क्लिअरिंगहाउस'. जाळ्यातील प्रत्येक वस्तूस आणि माणसास तीन भागांचे नाव द्यावयाचे : स्वतःचे नाव, विभागाचे नाव, संस्थेचे नाव. ते नाव विचारले की त्याचा पत्ता व त्याचे गुणधर्म मिळावयाचे. नोंदी एकाच यंत्रावर न ठेवता अनेक यंत्रांवर प्रतींच्या रूपाने ठेवलेल्या असत, म्हणजे एक बंद पडले तरी दुसरे उत्तर देई.

या क्लिअरिंगहाउसची रचना मांडणारा निबंध १९८१ मध्ये डेरेक ऑपन आणि योगेन दलाल या दोघांनी लिहिला. योगेन दलाल हे मुंबईच्या पवई येथील आय.आय.टी.चे पदवीधर. तेथून ते स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले. इंटरनेट ज्या नियमांवर चालते त्यांचा पहिला सविस्तर मसुदा डिसेंबर १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर व्हिंटन सर्फ आणि कार्ल सनशाइन यांच्यासोबत दलाल यांचेही नाव आहे. आमच्या विद्यार्थ्यांना सर्फ यांचे नाव सामान्यज्ञानाच्या पुस्तकात वाचावयास मिळते. दलाल यांचे आम्ही तरी कोठे पाहिले नाही. 'स्टार' संगणक व्यापारात फारसा चालला नाही, पण यंत्र, माणूस आणि प्रिंटर यांना एकाच नोंदवहीत, एकाच पद्धतीच्या नावाने लिहिण्याची कल्पना मागे उरली.

त्याच दशकात अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८३ पासून 'अथेना' नावाचा प्रकल्प चालला. विद्यार्थ्याने आवारातील कोणत्याही संगणकापुढे बसावे आणि त्यास आपली कामे व जवळचा प्रिंटर मिळावा, असा त्याचा हेतू होता. तेथे 'हेसिऑड' ही नावे सांगणारी सेवा आणि 'केर्बेरॉस' ही ओळख पटविणारी सेवा तयार झाली. प्रिंटरची माहिती हेसिऑडमध्ये मध्यवर्ती ठेवलेली असे. सन कंपनीने अशाच एका सेवेस 'यलो पेजेस' हे नाव दिले होते, पण ब्रिटनमध्ये ते नाव दूरध्वनी कंपनीचे निघाल्यामुळे ते बदलावे लागले. दूरध्वनीच्या पिवळ्या पानांची कल्पना किती जवळची होती हे त्यावरून दिसते. १९८८ मध्ये एक्स.५०० हे आंतरराष्ट्रीय मानक आले. ते फार अवजड होते. १९९३ मध्ये मिशिगन विद्यापीठातून त्याची हलकी आवृत्ती निघाली, तिला एलडीएपी म्हणतात. आजच्या बहुतेक निर्देशिका-सेवा हीच भाषा बोलतात. नॉव्हेल कंपनीची निर्देशिका १९९३ ची. मायक्रोसॉफ्टची 'ॲक्टिव्ह डिरेक्टरी' फेब्रुवारी २००० मध्ये विंडोज २००० सोबत आली, आणि तीत प्रिंटर ही माणसासारखीच नोंद करण्याजोगी एक वस्तू ठरली.

प्रिंटरच्या इतिहासात आणखी एक प्रसंग आहे. १९८० च्या सुमारास झेरॉक्सने एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेस एक लेझर प्रिंटर भेट दिला. प्रयोगशाळा वरच्या-खालच्या मजल्यांवर पसरलेली. कागद अडकला तर दूर बसलेल्यास कळत नसे. रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरसाठी आज्ञावलीत बदल करून, कागद अडकताच वाट पाहणाऱ्या सर्वांना निरोप जाईल अशी सोय केली होती. नव्या प्रिंटरची मूळ आज्ञावली देण्यात आली नव्हती. ज्यांच्याकडे ती होती त्या दुसऱ्या विद्यापीठातील प्राध्यापकांनी, गुप्ततेचा करार केला असल्याचे सांगून ती देण्यास नकार दिला. यंत्र समोर आहे, ते दुरुस्त करण्याची बुद्धी आहे, पण त्याचे ज्ञान कुलूपबंद आहे. सप्टेंबर १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी मुक्त संगणकप्रणालीचा जो प्रकल्प जाहीर केला, त्यामागे त्यांनी स्वतः सांगितलेला हा अनुभव होता. ज्ञानावरील कुलपाचा अर्थ आपल्या वाचकांस समजावून सांगावा लागू नये. 'मूकनायका'ची जाहिरात पैसे देऊनही छापावयास नकार मिळाला होता, आणि पुढे बाबासाहेबांस भारत भूषण छापखाना स्वतःचा उभारावा लागला, हे आपण दरवर्षी ३१ जानेवारीस सांगतोच.

आता आमच्या विद्यालयात काय केले, ते सांगतो. आमचा एक माजी विद्यार्थी पुण्यात याच क्षेत्रात काम करतो. तो दोन रविवार येऊन राहिला. त्याने प्रथम विचारले, "सर, या संगणकांवर विंडोजची कोणती आवृत्ती आहे?" आम्ही म्हणालो, दहा. तो म्हणाला, "दहा खरं, पण होम की प्रो?" देणगीत आलेले सहा संगणक 'होम' आवृत्तीचे निघाले. ही आवृत्ती निर्देशिकेच्या क्षेत्रात, ज्यास डोमेन म्हणतात त्यात, सामील होऊच शकत नाही. संगणक घेताना हे कोणी सांगत नाही, आणि आम्हीही विचारले नव्हते. त्या सहा संगणकांवर शेवटी लिनक्स टाकले. ज्या शाळांना देणगी मिळणार आहे त्यांनी दात्यास हा प्रश्न अगोदर नम्रपणे विचारावा.

सर्व्हरचा परवाना विकत घेणे आम्हांस शक्य नव्हते. 'सांबा' ही मुक्त प्रणाली अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियात सुरू केली. डिसेंबर २०१२ मधील तिच्या चौथ्या आवृत्तीपासून ती ॲक्टिव्ह डिरेक्टरीचे काम स्वतः करू शकते. एका जुन्या संगणकावर ती बसविली. प्रिंटरच्या रांगा सांभाळण्यास 'कप्स' ही दुसरी मुक्त प्रणाली दुसऱ्या संगणकावर बसविली. दोन्ही एकाच यंत्रावर का नकोत, याचे कारण पुढे येईल.

निर्देशिकेत प्रथम झाड रेखाटावे लागते. मूळ विद्यालय, त्यास चार फांद्या : कार्यालय, शिक्षक, संगणक कक्ष, वसतिगृह. प्रत्येक फांदीखाली तेथील माणसे व संगणक. प्रिंटरची नावे आम्ही प्रथम कंपनी व मॉडेलवरून दिली होती. ती चूक होती. यंत्र चार वर्षांनी बदलते, जागा बदलत नाही. म्हणून नाव जागेचे द्यावे. रांगेचे मूळ नाव रोमन लिपीत, मध्ये जागा न सोडता लिहावे, आणि 'ठिकाण' या रकान्यात मराठीत स्पष्ट लिहावे : मुख्य इमारत, तळमजला, कार्यालय. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत असे प्रिंटर प्रसिद्ध करता येतात आणि ठिकाण, रंगीत छपाई, दोन्ही बाजूंची छपाई अशा गुणांवरून शोधता येतात. प्रसिद्ध केलेला प्रिंटर खरोखर हजर आहे काय, याची तपासणी मायक्रोसॉफ्टच्या मूळ मांडणीत दर ८ तासांनी होते, आणि वारंवार हाक मारूनही उत्तर आले नाही तर ती नोंद काढून टाकली जाते. मृत खातेदाराची नावे वर्षानुवर्षे उताऱ्यावर राहतात, त्या मानाने ही दक्षता अधिक म्हणावयाची.

यानंतर गट. हक्क माणसास देऊ नये, गटास द्यावा. 'कार्यालयीन छपाई' असा एक गट केला, कार्यालयाच्या प्रिंटरचा हक्क त्या गटास दिला, आणि लिपिक व मुख्याध्यापक यांची नावे गटात घातली. लिपिकाची बदली झाली की एक नाव काढावयाचे व दुसरे घालावयाचे. प्रिंटरला हात लावावा लागत नाही. हक्कांचे स्थूलमानाने तीन स्तर असतात : छापणे, रांगेतील कागद हाताळणे, आणि प्रिंटरची मांडणीच बदलणे. साधारणतः प्रत्येकास आपला स्वतःचा कागद रांगेतून काढता येतो, दुसऱ्याचा नाही. येथे एक सापळा आहे. विंडोजमध्ये प्रिंटर सामायिक केला की 'सर्वांना' छापण्याचा हक्क आपोआप मिळतो. आपण गट करून त्यास हक्क दिला, परंतु ती जुनी ओळ काढली नाही, तर गटास काही अर्थच उरत नाही. आम्ही पहिल्या आठवड्यात नेमके हेच केले होते.

मग धोरण, ज्यास ग्रुप पॉलिसी म्हणतात. निर्देशिकेत एकदा लिहून ठेवावयाचे की 'कार्यालय' फांदीतील संगणकांस कार्यालयाचा प्रिंटर मिळावा, तोच त्यांचा मूलनिवड प्रिंटर असावा, आणि मूलनिवड आपोआप बदलण्याची सोय बंद असावी. माणूस आपल्या नावाने संगणक उघडतो तेव्हा हे धोरण तेथे उतरते. कोणी काही बसवावयाचे नाही, कोणी काही निवडावयाचे नाही. त्या आठवीतील मुलीचा कागद ज्या दाराने बाहेर गेला होता, ते दार या एका ओळीने बंद झाले. तरीही ज्या कागदांत मुलांची खासगी माहिती असते, त्यांच्यासाठी आणखी एक सोय वापरतो. काही प्रिंटरांवर चार आकडी संकेतांक देऊन कागद रोखून धरता येतो. प्रिंटरपाशी जाऊन तो संकेतांक दाबल्याशिवाय पान बाहेर येत नाही. आमच्या तीनपैकी एकाच प्रिंटरला ही सोय आहे. तो कार्यालयात ठेवला. चाचणी परीक्षेच्या प्रश्नपत्रिकाही आता त्यावरच निघतात.

काही गोष्टी या व्यवस्थेने सुटत नाहीत. मराठी मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या अक्षरवळणात टंकलेला असेल आणि दुसऱ्या संगणकावर ते अक्षरवळण नसेल, तर तेथून छापताना भलतीच अक्षरे येतात. दोष प्रिंटरचा नसतो, निर्देशिकेचाही नसतो. मजकूर युनिकोडमध्ये टंकावा किंवा पीडीएफ करून पाठवावा. याच स्मरणिकेचे अर्धे लेख आम्हांस पुन्हा टंकावे लागले, ही तक्रार येथे नोंदवून ठेवतो.

दुसरी गोष्ट घड्याळाची. निर्देशिका ओळख पटविते ती केर्बेरॉसने, आणि केर्बेरॉस वेळ पाहतो. सर्व्हरचे व संगणकाचे घड्याळ मूळ मांडणीनुसार ५ मिनिटांहून अधिक चुकले तर ओळख नाकारली जाऊ शकते. आमच्या जुन्या संगणकांतील नाण्याएवढी बॅटरी संपलेली होती. वीज गेली की त्यांचे वर्षच मागे जाई. सकाळी शिक्षक आपले नाव व परवलीचा शब्द बरोबर लिहूनही बाहेरच राहत, आणि परवलीचा शब्द पुन्हा द्या म्हणून आमच्याकडे येत. तीन दिवस आम्ही परवलीचे शब्द बदलीत बसलो. शेवटी पडद्याच्या कोपऱ्यातील तारखेकडे एका विद्यार्थ्याचे लक्ष गेले.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची, आणि ती गंभीर आहे. विंडोजमध्ये प्रिंटची रांग सांभाळणारी जी सेवा आहे, ती संगणकातील सर्वोच्च अधिकाराने चालते. जुलै २०२१ मध्ये तिच्यात एक मोठा दोष उघड झाला. त्यास 'प्रिंटनाइटमेअर' असे नाव पडले. जाळ्यातील साधा वापरकर्ता त्या वाटेने संपूर्ण संगणकाचा ताबा घेऊ शकत होता. मायक्रोसॉफ्टने तातडीने दुरुस्ती दिली, आणि जिचा आधार जानेवारी २०२० मध्येच थांबविला होता त्या विंडोज ७ साठीही दिली, यावरून धोक्याची कल्पना यावी. ऑगस्ट २०२१ पासून नवा प्रिंटर-ड्रायव्हर बसविण्यास प्रशासकाचा हक्क आवश्यक केला गेला. निर्देशिका ज्या यंत्रावर आहे त्यावर प्रिंटची सेवा चालवू नये, असा सल्ला जाणकार देतात तो याचमुळे. दप्तरखान्याच्या खोलीतच वाटपाची खिडकी उघडू नये, अशी ही गोष्ट आहे. आमच्याकडील प्रणाली निराळी असली तरी नियम आम्ही पाळला.

कप्स प्रत्येक छापलेल्या पानाची नोंद ठेवते : कोणी, केव्हा, किती पाने. मुले फार कागद वाया घालवितात, असे शिक्षक बैठकीत नेहमी बोलले जाई. पहिल्या सत्राची नोंद काढून पाहिली. मुलांचा वाटा नगण्य होता. पहिले नाव आमचेच निघाले. तेव्हापासून दोन्ही बाजूंनी छापणे हे सर्वांसाठी धोरणानेच ठरवून टाकले आहे, आणि बैठकीत तो विषय निघालेला नाही.

एक प्रसंग मात्र आम्हांस अधिक शिकवून गेला. मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिकाबाई एके दिवशी म्हणाल्या की मुलींना काही छापावयाचे असले तर होत नाही. आम्ही निर्देशिका उघडून त्यांना दाखविले : 'वसतिगृह' गटास छापण्याचा हक्क आहे, बाईंचे नाव गटात आहे, मुलींची नावे आहेत, सर्व काही नियमाप्रमाणे. बाई म्हणाल्या, "सर, हक्क आहे हो. पण प्रिंटर ज्या खोलीत आहे तिला पाच वाजता कुलूप लागतं, आणि मुली वर्गातून सुटतात साडेपाचला." आम्ही इतिहास शिकवितो. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला, महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, आणि तरीही पाण्यास हात लागण्यासाठी २० मार्च १९२७ उजाडावा लागला, हे आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहितो. प्रिंटरची त्या तळ्याशी तुलना ताणू नये, हे आम्हांस कळते. पण त्या दिवशी वर्गात तो पाठ शिकविताना आम्हांस फळ्याकडे तोंड करून थोडा वेळ उभे राहावे लागले. प्रिंटर वसतिगृहाच्या अभ्यासिकेत हलविला. निर्देशिकेत 'ठिकाण' या रकान्यातील एक ओळ बदलावी लागली, बाकी काहीच नाही; रांगेचे नावही तेच राहिले.

सध्या एक उणीव आहे. निर्देशिकेचे यंत्र एकच आहे. ते बंद पडले तर चौदा संगणकांवर कोणास काही मिळेल याची शाश्वती नाही. क्लिअरिंगहाउसच्या कर्त्यांनी १९८१ मध्येच नोंदींच्या प्रती अनेक यंत्रांवर ठेवल्या होत्या. आमच्याकडे दुसरे यंत्र अजून आलेले नाही. नोंदींची प्रत दर शनिवारी वेगळ्या डिस्कवर घेतली जाते आणि ती डिस्क मुख्याध्यापकांच्या कपाटात असते. दहावीची प्रवेशपत्रे मंडळाच्या संकेतस्थळावरून उतरवून छापावयाच्या दिवसांत आम्ही धोका पत्करीत नाही. त्या आठवड्यापुरता जुना प्रिंटर यूएसबी वायरने थेट कार्यालयातील एका संगणकास जोडलेला असतो. गेल्या वर्षी त्यातून निघालेल्या प्रवेशपत्रांपैकी एक त्या मुलीचे होते. तिने ते मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यासह कार्यालयातूनच, आपल्या हाताने घेतले.